रोजच्या वापरातली परफॉर्मन्स कार: इंजिनाची हवा आणि पॉवर याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आठवडाभर कामावर न्यायचं, ट्रॅफिकमध्ये तासभर रांगायचं, पावसातून सुखरूप आणायचं आणि मोकळा रस्ता मिळाला की मनसोक्त पळायचं, एवढं सगळं एकाच गाडीकडून हवं असणाऱ्यांसाठी हे पान आहे. फक्त ट्रॅकवर चालणाऱ्या गाडीचे हिशोब वेगळे असतात, ते इथे धरलेले नाहीत. आकडे मुख्यतः पेट्रोल इंजिनाचे आहेत. आमचं मत पहिल्यापासून स्पष्ट आहे: हवा नेमकी कुठे अडते ते आधी मोजा, पार्ट त्यानंतर घ्या.

पॉवर वाढवायची तर हवेच्या मागे का लागायचं? पेट्रोल जास्त सोडलं तर चालणार नाही का?

पेट्रोल जास्त सोडणं सोपं आहे. इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडा ठेवला की झालं. पण एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. फुल थ्रॉटलवर (ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना) चांगली पॉवर मिळावी म्हणून मिश्रण थोडं गडद ठेवतात, म्हणजे एका भागाला १२.५ ते १३ भाग हवा. टर्बो इंजिनात त्याहूनही गडद. हवा तेवढीच ठेवून पेट्रोल आणखी वाढवलं, तर ते न जळताच सायलेन्सरमधून बाहेर जातं आणि पॉवर उलट कमी होते.

म्हणून इंजिनाची पॉवर म्हणजे दर सेकंदाला ते किती ग्रॅम हवा घेतं याचा हिशोब. दोन लिटरचं फोर-स्ट्रोक इंजिन, सिलिंडर पूर्ण भरतात असं धरलं तर, दोन फेऱ्यांत एकदा दोन लिटर हवा ओढतं. ६,००० आरपीएमला मिनिटात ३,००० वेळा दोन लिटर, म्हणजे ६,००० लिटर. सेकंदाला १०० लिटर झाले. समुद्रसपाटीला, साध्या हवामानात एक लिटर हवेचं वजन सुमारे १.२ ग्रॅम भरतं, तेव्हा इंजिन सेकंदाला १२० ग्रॅम हवा घेतं. ढोबळमानाने एका ग्रॅमला सव्वा हॉर्सपॉवर धरा. म्हणजे क्रँकवर १५० हॉर्सपॉवर. तुम्हाला २०० हवे असतील तर सेकंदाला १६० ग्रॅम हवा आत गेली पाहिजे. ही वरची ४० ग्रॅम हवा कुठून आणणार, एवढाच खरा प्रश्न आहे.

त्याला तीन वाटा आहेत: सिलिंडर अधिक नीट भरायचा, इंजिन अधिक आरपीएमला फिरवायचं, नाहीतर टर्बो किंवा सुपरचार्जरने हवा दाबून आत घालायची. १९९९ मध्ये आलेल्या होंडा एस२००० ने पहिल्या दोन वाटा टोकाला नेल्या. दोन लिटरचं, टर्बो नसलेलं ते इंजिन जपानी बाजारात ८,३०० आरपीएमला २५० हॉर्सपॉवर द्यायचं.

व्हॉल्युमेट्रिक एफिशियन्सी म्हणजे काय?

सिलिंडरच्या आकारमानात जेवढी हवा मावायला हवी, तिच्या किती टक्के प्रत्यक्षात आत येते, ते प्रमाण. साध्या इंजिनात ८० ते ९० टक्के, चांगल्या आधुनिक इंजिनात टॉर्क सर्वात जास्त असतो तिथे १०० च्या आसपास. हवेच्या लाटांचा नेमका फायदा घेणारं इंजिन टर्बोशिवायही १०० ओलांडतं.

सुरुवात कुठून करू?

गाडीच्या तब्येतीपासून. एअर फिल्टर, स्पार्क प्लग, इग्निशन कॉइल, व्हॅक्यूमचे होज आणि कॉम्प्रेशन तपासून घ्या. मग ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं यंत्र) लावून फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोलमध्ये किती टक्के दुरुस्ती करतो आहे ते, बघा. लाँग टर्म ट्रिम अधिक-उणे ५ टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. १० च्या पुढे गेला असेल तर कुठेतरी हवा गळते आहे, नाहीतर सेन्सर किंवा फ्युएल प्रेशर बिघडलं आहे. अशा गाडीवर कितीही भारी पार्ट लावला तरी त्याचा पैसा वसूल होत नाही. जुन्या गाड्यांमध्ये कितीतरी वेळा हरवलेली पॉवर एवढ्यातच परत मिळते. ती नवी पॉवर नसली तरी तुमच्या हक्काची आहे.

त्यानंतर अडथळा मोजा. टर्बो नसलेल्या आणि मॅप सेन्सर, म्हणजे इनटेक मॅनिफोल्डमधला (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांमधला) दाब मोजणारा सेन्सर, असलेल्या गाडीत हे फार सोपं आहे. इग्निशन चालू, इंजिन बंद अशा स्थितीत स्कॅनरवर मॅनिफोल्ड प्रेशर वाचा. तो बाहेरच्या हवेचा दाब, समुद्रसपाटीजवळ सुमारे १०१ किलोपास्कल. आता डायनोवर (गाडी जागेवर चालवून पॉवर मोजणाऱ्या यंत्रावर) किंवा बंदिस्त सुरक्षित ट्रॅकवर तिसऱ्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून, रेडलाइनजवळ (आरपीएमच्या कमाल मर्यादेजवळ) तोच आकडा टिपा. तो ९९ आला, तर फिल्टरपासून थ्रॉटलपर्यंतचा (हवेची वाट उघडणाऱ्या झडपेपर्यंतचा) सगळा रस्ता मिळून जेमतेम दोन टक्के दाब खातो आहे. तो पूर्ण मोकळा केलात तरी दोन टक्क्यांच्या आसपासच हाती येणार. ९३-९४ आला, तर मात्र नक्की कुठेतरी गळा आवळलेला आहे.

कुठे, ते शोधायला पारदर्शक नळीचा यू आकार करून त्यात रंगीत पाणी भरा. एक टोक उघडं ठेवा, दुसरं इनटेकच्या पाइपला छोट्या निपलने जोडा. दोन बाजूंच्या पाण्याच्या उंचीत १० सेंटिमीटर फरक पडला की समजा सुमारे एक किलोपास्कल. पाणी ओढलं जाऊन इंजिनात जाऊ नये म्हणून नळी भरपूर लांब घ्या आणि पाणी बेताचं भरा. एकदा फिल्टरच्या आधी, एकदा फिल्टरनंतर, एकदा थ्रॉटलच्या तोंडाशी मोजा. पुष्कळदा फिल्टर निर्दोष निघतो आणि खरा अडथळा फेंडरमागच्या चेपलेल्या नळकांड्यात किंवा हवा काटकोनात वळवणाऱ्या रबरी बेंडमध्ये सापडतो. पाण्याची पातळी डोळ्यांसमोर सरकताना पाहिली की अंदाजपंचे खरेदी आपोआप थांबते.

नुसता परफॉर्मन्स फिल्टर टाकला तर किती फरक पडतो?

मूळ एअरबॉक्समध्ये बसणारा कापडी फिल्टर आणि स्वच्छ कागदी फिल्टर यांत बहुतेक स्टँडर्ड इंजिनांना जाणवेल असा फरक पडत नाही. वर मोजलेले दोन टक्के आठवा, त्यातलाही फिल्टरचा वाटा काहीच.

फिल्टरचं पहिलं काम धूळ अडवणं. धुळीतले सिलिकाचे कण पिस्टन रिंग आणि सिलिंडरची भिंत घासतात, आणि ही झीज परत भरून येत नाही. म्हणून हवा सहज सोडणारा फिल्टर धूळही सहज सोडतो का, हे बघायलाच हवं. उत्पादकाने आयएसओ ५०११ या चाचणीचे आकडे दिले असतील तर दोन्ही बाजू तपासा: दाब किती पडतो आणि धूळ किती अडते. रोज धुळीत चालणाऱ्या गाडीला आम्ही चांगल्या प्रतीचा कागदी फिल्टर, वेळेवर बदललेला, हाच सल्ला देतो. तेल लावलेला कापडी फिल्टर वापरत असाल तर धुतल्यावर तेल हात राखून लावा. जास्तीचं तेल एअरफ्लो सेन्सरच्या गरम तारेवर बसतं आणि इंजिन हवा चुकीची मोजू लागतं.

कोल्ड एअर इनटेक लावल्यावर आवाज जबरदस्त येतो, मग पॉवरही वाढली असणार ना?

आवाज वाढतो, कारण कंपनीने बसवलेला रेझोनेटर (आवाज दाबणारी पेटी) निघून जातो. पॉवरचं उत्तर इनटेक एअर टेम्परेचर देतो.

हवेची घनता निरपेक्ष तापमानावर ठरते. २५ अंशांऐवजी ५५ अंशांची हवा आत गेली तर ती सुमारे ९ टक्क्यांनी विरळ असते. वर ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) नॉकिंगच्या, म्हणजे मिश्रण अवेळी स्फोटासारखं जळण्याच्या, भीतीने टायमिंग मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा टाकतो, तो तोटा वेगळा. आता बॉनेट उघडून बघा: रेडिएटरच्या मागे, एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून वीतभर अंतरावर चकचकीत पाइपला लावलेला उघडा कोन फिल्टर. सिग्नलला दोन मिनिटं थांबलात की स्कॅनरवर तापमान चढताना दिसतं. वेग घेतल्यावर ते उतरतं, पण सिग्नल सुटल्यावरच्या पहिल्या काही सेकंदांत, जिथे पॉवर हवी असते, तिथेच गाडी मंद लागते.

फिल्टरभोवती बंद पेटी, बॉनेटला टेकणारं रबरी सील आणि ग्रिलमागून थेट येणारी नळी असेल तरच त्याला कोल्ड एअर म्हणायचं. फिल्टर खाली बंपरमध्ये उतरवणाऱ्या किट थंड हवा देतात खऱ्या, पण साचलेल्या पाण्यातून गाडी काढताना इंजिनात पाणी गेलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. पावसाळ्यातही रोज निघणाऱ्या गाडीवर हा धोका घेऊ नका.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. एअरफ्लो सेन्सर जिथे बसतो त्या नळीचा व्यास बदलला की मोजमापच बदलतं. ७० मिलिमीटरच्या जागी ७६ मिलिमीटरची नळी आली तर क्षेत्रफळ जवळपास १८ टक्क्यांनी वाढतं. सेन्सरला जाणवणारा हवेचा वेग कमी होतो, ईसीयूला वाटतं हवा कमी आली, तो पेट्रोल कमी देतो. साध्या चालवण्यात ऑक्सिजन सेन्सर ही चूक सावरून घेतो. फुल थ्रॉटलवर बऱ्याच गाड्यांत ती सोय नसते, आणि मिश्रण नेमकं तिथेच हलकं पडतं. सेन्सरची नळी मूळ व्यासाचीच ठेवा, नाहीतर ट्यूनमध्ये (ईसीयूच्या सेटिंगमध्ये) त्याचं कॅलिब्रेशन करून घ्या.

मोठी थ्रॉटल बॉडी लावू का?

थ्रॉटलच्या आधी आणि नंतर दाबात फरक मोजला आणि तो लक्षणीय निघाला तर लावा. एरवी फक्त पेडल हलकं दाबल्यावर गाडी जास्त उसळते, त्यालाच लोक पॉवर समजतात.

इनटेक मॅनिफोल्ड बदलण्याचा खरंच उपयोग होतो का?

होतो, पण एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने घेतलं जातं. इनटेक व्हॉल्व्ह उघडमीट करतो तेव्हा नळीत दाबाच्या लाटा मागे-पुढे फिरतात. लाट परत येण्याची वेळ आणि व्हॉल्व्ह बंद होण्याची वेळ जुळली तर थोडी जास्त हवा सिलिंडरमध्ये ढकलली जाते. लांब नळी कमी आरपीएमला जुळते, आखूड नळी जास्त आरपीएमला.

क्रायस्लरने १९६० च्या ३००एफ मॉडेलवर सुमारे ७६ सेंटिमीटर लांबीच्या इनटेक नळ्या दिल्या होत्या, त्या मधल्या आरपीएमला जोरदार टॉर्क द्यायच्या. जास्त पॉवरच्या आवृत्तीत बाहेरून मॅनिफोल्ड तसाच दिसायचा, पण आतली विभाजक भिंत कमी करून नळीची प्रभावी लांबी अर्ध्यावर आणली होती. तेवढ्याने पॉवर वरच्या आरपीएमकडे सरकली.

तुमची गाडी दिवसातला बहुतेक वेळ २,००० ते ४,५०० आरपीएममध्ये असते. तिथला टॉर्क विकून ७,००० ला १० हॉर्सपॉवर घेणं रोजच्या गाडीला परवडत नाही. कंपनीने लांबी बदलणारा मॅनिफोल्ड दिला असेल तर त्याला हात लावू नका. त्याच्या आतल्या झडपा आणि त्या हलवणारा व्हॅक्यूम ॲक्च्युएटर नीट हलतात का एवढं तपासा, ते अडकले तर ऐन जोर हवा तिथेच गाडी मार खाते.

एक्झॉस्टला थोडं बॅकप्रेशर लागतंच म्हणतात. खरं आहे?

नाही. बॅकप्रेशर कुठल्याही इंजिनाला फायद्याचं नसतं. इंजिनाला हवा असतो तो वायूंचा वेग. एका सिलिंडरमधून सुटलेला धक्का पुढे पळताना मागे कमी दाब सोडतो, आणि तो कमी दाब पुढच्या सिलिंडरमधला जळका वायू ओढून काढतो. पाइप गरजेपेक्षा मोठा घातला की वेग पडतो आणि हा फायदा जातो. त्यावरून लोकांनी निष्कर्ष काढला की बॅकप्रेशर लागतं.

टर्बो नसलेल्या इंजिनात चांगला हेडर (सगळ्या सिलिंडरांचे एक्झॉस्ट पाइप एकत्र आणणारा भाग) हा मोठा बदल ठरू शकतो. चार सिलिंडरसाठी चार-दोन-एक जोडणी मधल्या आरपीएमला भरते, चार-एक जोडणी वरच्या टोकाला. रोजच्या गाडीला पहिली. पाइप वाकवताना वळणावर चेपला जात नाही ना ते बघा, साध्या मशीनवर वाकवलेला पाइप कोपऱ्यात अरुंद होतो. टर्बो गाडीत टर्बाइननंतरचा रस्ता जितका मोकळा तितका चांगला.

मागचा सायलेन्सर तेवढा बदलून पॉवर फारशी वाढत नाही. आवाज मात्र वाढतो, आणि त्याचा विचार लोक उशिरा करतात. चार सिलिंडरचं इंजिन २,७०० आरपीएमला ९० हर्ट्झच्या आसपास घुमतं. हायवेवर नेमक्या त्याच आरपीएमला गाडी चालत असेल तर केबिनमधली घरघर दोन तासांत डोकं उठवते. घेण्यापूर्वी तीच सिस्टिम लावलेल्या गाडीत काचा बंद करून हायवेच्या वेगाने फिरून या.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकला तर?

काढू नका. कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड तोच निवळतो, आणि रस्त्यावर चालणाऱ्या गाडीतून तो काढणं बहुतेक देशांत बेकायदा आहे. आपल्या पिकअपसाठी दुसऱ्याच्या नाकात धूर सोडायचा नाही, यात आम्हाला तडजोड मान्य नाही. कन्व्हर्टर तुंबला असेल, तर पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्याच्या जागी प्रेशर गेज लावा. कन्व्हर्टरच्या आधी दाब भरपूर आणि नंतर नगण्य आला तर तो चोंदला आहे. चांगल्या दर्जाचा नवीन बसवा, आणि जुना का चोंदला तेही शोधा. मिसफायर किंवा तेल जाळणारं इंजिन असेल तर नवीनही लवकरच जाईल.

हेड पोर्टिंग आणि मोठे कॅम रोजच्या गाडीत चालतात का?

पोर्टिंग, म्हणजे हेडमधल्या हवेच्या वाटा घासून नीट करणं, जाणत्या हाताने केलं तर चालतं. पोर्ट मोठं करणं म्हणजे पोर्टिंग नव्हे. सगळ्यात जास्त अडचण व्हॉल्व्ह सीटच्या अवतीभवती आणि पोर्टच्या आतल्या, आखूड वळणावर असते. तिथली धार काढून वळण नीट केलं आणि सीटला तीन कोन व्यवस्थित दिले तर पोर्टचा आकार न वाढवताही हवा वाढते. पोर्ट उगाच रुंद केलं की खालच्या आरपीएमला हवेचा वेग मरतो. आरशासारखं पॉलिश करण्यातही अर्थ नाही. फ्लो बेंचवर (हवेचा प्रवाह मोजणाऱ्या यंत्रावर) आधीचे आणि नंतरचे आकडे दाखवणाऱ्याकडेच काम द्या, आणि आकडे व्हॉल्व्ह थोडा उघडा असतानाचेही मागा.

कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडमीट करणाऱ्या दांड्याच्या) बाबतीत आम्ही सावध आहोत. इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकाच वेळी जास्त काळ उघडे राहिले की आयडलिंग अडखळतं, ट्रॅफिकमध्ये गाडी झटके देते आणि मॅनिफोल्डमधलं व्हॅक्यूम कमी झाल्याने ब्रेकचा बूस्टरही कमी जोर देऊ शकतो. व्हेरिएबल टायमिंग असलेल्या इंजिनात आधी ट्यूनमधून कॅमची वेळ बदलून बघा, पुष्कळ काही तिथेच मिळतं.

माझी गाडी डायरेक्ट इंजेक्शनची आहे. काही वर्षांनी पिकअप गेल्यासारखं वाटतं.

इनटेक व्हॉल्व्हवर कार्बन बसला असण्याची दाट शक्यता आहे. जुन्या पद्धतीत पेट्रोल व्हॉल्व्हच्या पाठीवर पडायचं आणि तो धुऊन निघायचा. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, आणि क्रँककेसमधून येणारी तेलकट वाफ कोरड्या, गरम व्हॉल्व्हवर भाजून काळा थर होतो. व्हॉल्व्हचा दांडा जाड होतो, पोर्टचं तोंड अरुंद होतं. टोयोटाच्या डी-४एस सारख्या सिस्टिममध्ये दोन्ही प्रकारचे इंजेक्टर असतात, तिथे ही तक्रार कमी.

टाकीत ओतायचं क्लीनर इथे काही करू शकत नाही, कारण ते व्हॉल्व्हपर्यंत पोहोचतच नाही. मॅनिफोल्ड उतरवायचा, त्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह बंद आहेत याची खात्री करायची आणि अक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेच्या दाबाने मारून थर उडवायचा, हा खात्रीचा उपाय. भुगा नंतर पूर्ण ओढून काढला पाहिजे. एंडोस्कोप आत सोडून आधीचा आणि नंतरचा व्हॉल्व्ह स्वतः बघा. कोळशासारखा गोळा आणि साफ धातू यांतला फरक दिसला की इनटेक किटचा विषय किती मागे ठेवायचा ते कळतं.

टर्बो गाडीत बूस्ट वाढवला की काम झालं, असं आहे का?

बूस्ट हा टर्बोने वाढवलेला दाब आहे, हवेचं वजन नव्हे. २५ अंशांची हवा एक बार बूस्टपर्यंत दाबली आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर ती सुमारे ११८ अंशांपर्यंत तापते. इंटरकूलरने (दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीने) ती ४५ वर आणली तर त्याच दाबाला सुमारे २३ टक्के अधिक घन होते. त्यातून इंटरकूलरमध्ये पडणारा दाब वजा करायचा. म्हणून टर्बोच्या गाडीत चांगल्या इंटरकूलरवर केलेला खर्च आम्हाला कायम पटतो. बॉनेटखाली, इंजिनाच्या डोक्यावर बसवलेला इंटरकूलर ट्रॅफिकमध्ये तापून बसतो. ग्रिलमागचा तेवढा तापत नाही.

टर्बोच्या आधीचा अडथळा इथे जास्त महाग पडतो. तिथे ३ किलोपास्कल गमावले आणि टर्बो दाब दुप्पट करत असेल, तर पुढे ६ किलोपास्कल कमी पडतात. ते भरून काढायला टर्बो अधिक वेगाने फिरतो आणि हवा अधिक तापवतो. बूस्ट वाढवण्याआधी स्मोक टेस्ट (धूर सोडून गळती शोधण्याची चाचणी) करून होज, क्लॅम्प आणि इंटरकूलरचे जोड तपासा. सैल क्लॅम्पमधून बूस्ट निसटणाऱ्या गाडीचं ट्यूनिंग करणं म्हणजे दोष झाकणं.

रीमॅप (ईसीयूची सेटिंग बदलणं) कधी करावा?

हार्डवेअरचं काम पूर्ण झाल्यावर, आणि गळती व ट्रिम निर्दोष असताना. टर्बो गाडीत नुसत्या रीमॅपने मोठा फरक पडतो, टर्बो नसलेल्या गाडीत थोडाच. ट्यूनरला विचारा: वाइडबँड सेन्सरने मिश्रण मोजणार का, नॉकिंगचा लॉग देणार का, ट्यून कोणत्या ऑक्टेनवर करणार. तुम्हाला वाटेत कुठेही जे पेट्रोल हमखास मिळतं त्यावरच ट्यून करून घ्या. ९५ ऑक्टेनवर धारदार केलेली गाडी ९१ वर चढाला लागली की नॉक होते, आणि टर्बो इंजिनात नॉकिंगने पिस्टन फुटतो. बूस्ट वाढवला असेल तर स्पार्क प्लगची गॅपही कमी करावी लागते, नाहीतर जास्त दाबात ठिणगी पडत नाही आणि गाडी अडखळते.

डायनोवर १२ हॉर्सपॉवर वाढले असं सांगितलं. विश्वास ठेवू का?

तोच डायनो, तोच गिअर, टायरमध्ये तेवढीच हवा, इंजिनाचं आणि आत जाणाऱ्या हवेचं तेवढंच तापमान, आणि आधी-नंतर प्रत्येकी किमान तीन रन असतील तर ठेवा. एकाच गाडीच्या लागोपाठच्या रनमध्ये एक-दोन टक्के इकडेतिकडे सहज होतात. चाकावरची आणि क्रँकवरची पॉवर यांची एकमेकांशी तुलना करू नका. सर्वोच्च आकड्यापेक्षा ग्राफमध्ये २,५०० ते ५,००० आरपीएमचा भाग बघा, तुमचं रोजचं चालवणं तिथे आहे.

मायलेज वाढेल का?

स्वस्थपणे चालवताना थ्रॉटल तुम्हीच अर्धवट बंद ठेवता, त्यामुळे मोकळ्या इनटेकचा तिथे फायदा नाही. गळती, कार्बन आणि बिघडलेला सेन्सर दुरुस्त झाल्याने मात्र वाढू शकतं.

वॉरंटी आणि विम्याचं काय?

बदल करण्याआधी दोन्हीच्या अटी वाचा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. मूळ पार्ट जपून ठेवा.

पॉवर वाढवल्यावर आणखी काय बघावं लागेल?

ब्रेक आणि टायर पॉवर वाढवण्याच्या आधी, नंतर नाही. ब्रेक फ्लुइड जुनं असेल तर बदला, ते हवेतलं पाणी शोषतं आणि सतत ब्रेक मारल्यावर उकळतं. टर्बो गाडीत टॉर्क वाढला की पहिला क्लच बोलतो. वरच्या गिअरमध्ये २,५०० आरपीएमवरून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम चढला आणि वेग तेवढा चढला नाही, तर क्लच घसरतो आहे. ऑटोमॅटिक असेल तर गिअरबॉक्स किती टॉर्क झेलतो ते ट्यूनरकडून आधी काढून घ्या आणि मर्यादा रीमॅपमध्येच घालायला सांगा. इंजिन ऑइल लवकर बदला, आणि पहिल्या महिन्यात दर आठवड्याला लॉग काढून ट्रिम, नॉकिंग आणि इनटेक तापमान आधीच्या नोंदींशी ताडून बघा.